थोड्या आकड्यात समाधान मानावे काय?

गतवर्षी आमच्या भागातील मंडळ्यांची सभा भरली असता एका वडील बंधूंनी उभे राहून उपकारस्तुतीची सूचना मांडली. त्यांचे म्हणणे असे की, कर्करोग या भयंकर व्याधीची देशात ठिकठिकाणी जी मोजणी झाली, तीत आपल्या बीड जिल्ह्याचा व शेजारच्या जिल्ह्याचा मिळून आलेला आकडा सर्वांत लहान ठरला. तेव्हा ह्या दयेबद्दल देवाचे आभार मानणे योग्य होईल. सभेने आभार मानले, व आम्हीही 'आमेन' म्हटले. परंतु घरी परत येताना त्या शब्दाने आमच्या मनास स्वस्थता लाभू दिली नाही. आकडा खोटा नव्हता, व बंधूंचा हेतूही शुद्ध होता. मग टोचत होते ते काय? प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो, पण मुळात तो नीतीचा आहे: आपल्या गावचे दुःख इतर गावांच्या मानाने थोडे आहे असे कोणी सांगितले, तर तेवढ्यावरून मनाचे समाधान करून घेण्याचा आपणांस अधिकार पोहोचतो काय?

प्रथम तो आकडा नीट समजून घेऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने सन २०२० मध्ये देशातील २८ कर्करोग नोंदणी केंद्रांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, आणि बीड हे दोन जिल्हे एकत्र धरिले आहेत. वयोमानाचा फरक काढून टाकल्यावर ह्या दोन जिल्ह्यांत दर लाख पुरुषांमागे वर्षास ३९.५ व दर लाख स्त्रियांमागे ४९.४ नवे रोगी नोंदले गेले. उलट मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा आकडा २६९.४, आणि अरुणाचल प्रदेशातील पापुम पारे जिल्ह्यात स्त्रियांचा २१९.८ आहे. म्हणजे पुरुषांत जवळजवळ सातपट व स्त्रियांत सुमारे साडेचारपट अंतर पडले. हे वाचून कोणासही हायसे वाटावे, यात नवल नाही.

परंतु वाचकांनी एका शब्दाकडे लक्ष द्यावे. हे 'नोंदले गेलेले' रोगी होत. जो मनुष्य दवाखान्याची पायरी चढला, ज्याच्या गाठीचा तुकडा तपासला गेला आणि ज्याचे नाव कागदावर उतरले, तो ह्या गणतीत आला. जो घराच्या ओसरीवरच पडून राहिला, तो बहुधा आला नाही. दोर तोकडा पडला म्हणून विहिरीस पाणी नाही, असे कोणी शेतकरी म्हणत नाही.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या बार्शी येथे सन १९८७ पासून बार्शी, परांडा व भूम ह्या तालुक्यांच्या खेड्यांकरिता कर्करोगाची नोंद ठेविली जाऊ लागली. खेड्यांची अशी नोंद ठेवण्याचा आपल्या देशातील हा पहिलाच प्रयत्न होय. रोगी आपण होऊन दवाखान्यात येत नाहीत, हे तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी ओळखले होते. म्हणून त्यांचे सेवक गावोगाव जात, चावडीवर व घरोघरी बसत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशय आलेल्यांस तपासणीकरिता नेत. इतके शोधूनही तेथील आकडा मुंबई-दिल्लीच्या मानाने लहानच राहिला. तेव्हा खेड्यांत हा रोग काही अंशी खरोखरच कमी आहे, असे मानण्यास जागा आहे, आणि तेवढ्यापुरते आभार मानणेही रास्त आहे. परंतु ह्या गणतीपासून दुसरे एक फळ मिळाले. काही वर्षांनी पाहता, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. विचारावयास कोणी दारी आले, म्हणून त्यांनी सांगितले.

आता मरणाची गोष्ट पाहू. आपल्या देशात मरण पावणाऱ्या बहुतेकांच्या मरणाचे कारण कोणी डॉक्टर लिहून देत नाही. सन २०२० मध्ये नोंद झालेल्या मृत्यूंपैकी शंभरांत सुमारे बावीस मृत्यूंचेच कारण वैद्याच्या सहीने दाखल झाले होते. ही उणीव भरून काढावी म्हणून काही विद्वानांनी निराळा मार्ग धरिला. २००१ ते २००३ ह्या वर्षांत मरण पावलेल्यांच्या घरी माणसे पाठवून, शेवटच्या आजारात काय काय झाले, हे आप्तांस विचारले, आणि त्या उत्तरांवरून डॉक्टरांनी कारण ठरविले. त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीस ते एकोणसत्तर वयाच्या लोकांत दर लाखास कर्करोगाने मरणारे पुरुष खेड्यांत ९५.६ व शहरांत १०२.४, आणि स्त्रिया खेड्यांत ९६.६ व शहरांत ९१.२, असे आढळले. ही गणती सर्व देशातील खेड्यांची आहे, एकट्या बीडची नव्हे. तथापि तिचा अर्थ गंभीर आहे. शहरांच्या मानाने खेड्यांत रोगी सापडतात पुष्कळ कमी. पण मरतात मात्र जवळजवळ बरोबरीने. मग मधले अंतर कशाचे? जे सापडलेच नाहीत किंवा फार उशिरा सापडले, त्यांचे ते अंतर होय.

हे ध्यानी आल्यावर आम्ही आमच्या मंडळीचे दफनाचे पुस्तक काढून वाचले. मरणाच्या कारणापुढे पानोपानी 'दीर्घ आजार', 'पोटाचा विकार', 'अशक्तपणा' असे शब्द आहेत. त्यांतील एक नोंद आमच्याच हातची आहे. ती बहीण दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीस जात असे. पाळी जाऊन चार वर्षे लोटल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. दोन हंगाम तिने ते कोणास कळू दिले नाही. कारण दवाखान्याचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेणार. शेवटी कळले तेव्हा उपाय उरला नव्हता. रोगाचे नाव डॉक्टरांनी आम्हांस स्पष्ट सांगितले होते. परंतु घरच्यांनी हात जोडून विनविले की, धाकटीचे लग्न व्हावयाचे आहे, नाव लिहू नका. आम्ही 'दीर्घ आजार' असे लिहिले. त्या वेळी ती आम्हांस दया वाटली. मंडळीचे पुस्तक ही काही सरकारी नोंद नव्हे, हे खरे. पण त्या शब्दाआड आम्ही तिच्या टोळीतील इतर बायकांस सावध करण्याची संधी गमावली. आमच्या भागाचा आकडा लहान ठेवणारी जी शांतता, तीत आमचाही वाटा आहे.

आणि जेथे खरे ज्ञान पोहोचत नाही, तेथे भय आधी जाऊन पोहोचते. आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा बोभाटा सन २०१९ मध्ये झाला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांतील एकीची. सर्व देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरांत सुमारे तीन आहे. कित्येक स्त्रियांनी सांगितले की, पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, अशी धास्ती त्यांस घातली गेली. वाचकहो, ह्या दोन आकड्यांस शेजारी शेजारी ठेवून पाहा. ज्या जिल्ह्यात कर्करोगाची नोंद देशात सर्वांत थोडी, त्याच जिल्ह्यात कर्करोगाच्या भयाने इतके शरीरच्छेद झाले! रोग शोधण्यास कोणी आले नाही, पण भय विकण्यास आले. मग थोडा आकडा ह्या बहिणींच्या काय कामी आला?

कोणी म्हणेल, खेड्यात उपाय तरी काय होणार? ह्याचे उत्तर परक्या देशातून आणावे लागत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करून एक मोठा अभ्यास झाला, व त्याचे फळ २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची विषाणूकरिता आयुष्यात एकदाच तपासणी झाली व दोष आढळल्यास उपचार झाले, त्या गटात ह्या कर्करोगाने ३४ जणी मरण पावल्या. ज्या गटास तपासणी दिली नव्हती, त्यात ६४. एका तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आले. ह्या अभ्यासावर काही विचारवंतांनी आक्षेप घेतला की, तुलनेकरिता एका गटास तपासणीवाचून ठेवणे न्यायाचे नव्हते. आणि तो आक्षेप हलका नाही. त्या चौसष्ट बहिणींच्या मरणातून जगास ज्ञान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच तपासणी सर्वांत पसंत करण्याजोगी ठरविली. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत अशी कोणतीही तपासणी झालेल्या दोघीही सापडल्या नाहीत. आमच्या शेजारणींच्या मरणाने विकत घेतलेले ज्ञान आम्हीच वापरू नये, हे ऋण कसे फिटावे?

पवित्र शास्त्रात गणतीचे दोन प्रकार दिसतात. दावीद राजाने आपले बळ किती हे पाहण्याकरिता लोक मोजविले, आणि ते पाप ठरले. मेंढपाळ शंभर मेंढरे मोजतो ती मात्र एक उणे आहे हे कळावे म्हणून, आणि मोजून झाल्यावर तो स्वस्थ बसत नाही. काठी घेऊन रानात निघतो. नव्याण्णव हा चांगला आकडा आहे, असे म्हणून तो आभार मानीत बसला असता, तर त्याचा दृष्टांत प्रभूने सांगितला नसता. आपला आकडा इतरांच्या आकड्याशी ताडून सुख मानणे ही दाविदाची गणती होय. आपल्यातील कोण उणे आहे हे शोधणे ही मेंढपाळाची.

बारा वर्षे रक्तस्राव सोशीत असलेल्या स्त्रीची गोष्ट आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. वैद्यांपायी तिचे सर्व धन गेले होते, आणि लाजेने ती मागून आली. प्रभूभोवती मोठी गर्दी होती. शिष्यांना गर्दीच दिसली, पण प्रभूने थांबून विचारले की, मला स्पर्श कोणी केला? त्या विचारण्याने तिला सर्व खरे सांगण्याचे धैर्य आले, आणि त्याने तिला कन्या म्हणून हाक मारली. आमच्या मंडळ्यांत अशा कन्या किती बसल्या असतील? त्यांस कोणी विचारिले आहे काय?

म्हणून आमची नम्र सूचना अशी आहे. पाळकांनी दफनाच्या पुस्तकात ठाऊक असलेले कारण खरे लिहावे, आणि त्या घराची लाज ती आपली लाज समजून वाहावी. टोळ्या कारखान्यांहून परतल्यावर महिला मंडळाच्या भगिनींनी प्रत्येक घरी जाऊन प्रेमाने विचारावे: पाळी गेल्यावर अंगावरून जाते काय? स्तनात गाठ आहे काय? तंबाखू, गुटखा वा मिश्री लावणाऱ्याच्या तोंडात न भरणारा व्रण आहे काय? असल्यास त्या मनुष्यास एकटे न पाठविता बरोबर जावे. अंबाजोगाईचे सरकारी रुग्णालय आहे, बार्शी आहे. आणि कोणी भय दाखवून पिशवी काढण्यास सांगितले, तर तपासणीचा लेखी अहवाल मागावा व दुसऱ्या डॉक्टरास दाखविल्यावाचून होकार देऊ नये.

असे केल्याने कदाचित आमच्या जिल्ह्याचा आकडा वाढेल. वाढू द्या. तो वाढला तर रोग वाढला असे नव्हे. अंधारात असलेली माणसे उजेडात आली, असा त्याचा अर्थ होईल. त्या वर्षी सभेत कोणी उपकारस्तुतीची सूचना मांडली, तर आम्ही पुन्हा 'आमेन' म्हणू, आणि तेव्हा आमचे मन आम्हांस दोषी ठरविणार नाही, अशी आशा आहे.