काकांना जपून!

कबड्डीइतका उदार खेळ दुसरा नाही. क्रिकेटमध्ये माणूस बाद झाला की पॅड सोडतो आणि चहा पितो; त्या डावाशी त्याचा संबंध संपला. कबड्डीत बाद झालेला गडी परत येतो. आपल्या बाजूने समोरचा एक मारला की आपला एक जिवंत होतो, आणि तेही रांगेने. जो आधी बाद, तो आधी जिवंत. (बँकेतल्या बढत्यांना एवढी शिस्त असती तर!) बोनस गुणाने मात्र कोणी जिवंत होत नाही. हा नियम करणारा गृहस्थ नोकरदार नसावा.

यातली खोच अशी, की स्वतःच्या बळावर कोणीच परत येत नाही. दुसऱ्याला काहीतरी करावे लागते. पंचविशीत सोडलेल्या कबड्डीत मी 44 व्या वर्षी परतलो ते जिद्द वगैरेमुळे नव्हे. आंतरशाखा स्पर्धेच्या तोंडावर आमच्या संघातल्या दोघांची बदली झाली. सात गडी लागतात, सहा उरले होते. तेव्हा कोणीतरी माझ्या पोटाकडे न बघता माझ्या इतिहासाकडे बघितले, एवढेच. वजनाची 85 किलोंची मर्यादा मी अजून दोन किलो राखून पाळतो, ही माझी पात्रता.

मधल्या काळात बरेच बदलले. आम्ही मातीत खेळायचो. गुडघे सोलून घरी गेलो की आई आधी हळद लावायची आणि मग बोलायची. आता मॅट आली, बूट आले. 2014 पासून तर प्रो कबड्डीमुळे टीव्हीवर चढाईपटूंचे लिलाव होतात. चढाईला 30 सेकंद मिळतात. खुर्चीत बसून 30 सेकंद म्हणजे काहीच नाही. तेवढ्यात आमचे पासबुक छापायचे यंत्र कागदसुद्धा ओढत नाही. पण एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत सात जणांसमोर नाचायचे असेल, तर तेवढ्या वेळात माणसाला आपले सगळे पूर्वज नावानिशी आठवतात.

पण माझा प्रश्न दमाचा नाही. तो पहिल्याच सरावात पडला, आणि अजून सुटलेला नाही. मी चढाई करत डाव्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे गेल्या वर्षी नोकरीला लागलेला एक मुलगा उभा. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. माझा घोटा बरोबर त्याच्या टप्प्यात आला. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. मी त्याला शिवून, धापा टाकत, मध्यरेषा ओलांडली. टाळ्या झाल्या. मागून हळूच कोणीतरी म्हणाले, "काकांना जरा जपून रे!"

आता हा गुण माझा की नाही? वहीत तो जमा आहे. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला जमा दिसली की ती कुणाच्या नावे पडली ते शोधायची खोड असते. तो मुलगा लबाड नव्हता, घरच्या वळणाचा होता. वडीलधाऱ्याचा पाय धरायचा तो नमस्कारापुरता, ओढायचा नाही, असेच त्याला शिकवलेले. शिवाय माझा गुडघा मोडला असता तर तो घेऊन घरी कोणी जायचे? दया करणाऱ्याला नावे ठेवणे सोपे नाही. आम्हीसुद्धा काउंटरवर पेन्शनरांना "आजोबा, साठीचेसुद्धा वाटत नाही!" असे म्हणतोच की. त्याने कुणाचे नुकसान होत नाही.

मैदानात होते. उभ्या जन्मात तेवढी एकच जागा अशी, जिथे ज्येष्ठता, ग्रेड, मधुमेह, सगळे रेषेबाहेर ठेवून जाता येते. तिथेही मी काकाच असेन, तर घरी पंख्याखाली काका होणे काय वाईट?

टेनिसवाला ब्यॉन बोर्ग 1983 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी निवृत्त झाला. 1991 मध्ये माँटे कार्लोला परतला तो जुन्या वळणाची लाकडी रॅकेट घेऊन. जोर्डी आरेसे नावाच्या स्पॅनिश खेळाडूने त्याला 6-2, 6-3 असे हरवले. पुढे 1993 पर्यंत खेळून बोर्गला एकही सामना जिंकता आला नाही. लोक बोर्गसाठी हळहळतात. मला आरेसेचे कौतुक वाटते. प्रेक्षक सगळे बोर्गसाठी आलेले, आणि हा बाबा चेंडू मारत होता जिथे बोर्ग नव्हता तिथे! यापेक्षा मोठा मान तो काय देणार? जॉर्ज फोरमनचेही तेच. 1994 मध्ये 45 व्या वर्षी त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवे केले आणि जगज्जेतेपद परत मिळवले. तोवर 26 वर्षांचा मूरर त्याला मनसोक्त ठोकत होता आणि गुणांवर पुढे होता. मूररने "काकांना जपून" केले असते, तर त्या पट्ट्याला चामड्याची किंमत आली असती.

मी त्या मुलाला बाजूला घेऊन म्हटले, "पुढच्या वेळी धर." तो म्हणाला, "हो काका." आता पुढे काय बोलणार!

एवढे सगळे चिंतन पक्के झाल्यावर दुसऱ्या एका शाखेशी मैत्रीचा सामना झाला. त्यांचा सातवा गडी म्हणजे त्यांचे हेडकॅशियर. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, डोके पांढरे, छातीतून शिट्टी वाजत होती. बाहेर त्यांची नात पाण्याची बाटली घेऊन उभी. ते चढाईला आले ते नेमके माझ्या कोपऱ्यात, आणि पाय टाकला तो नेमका माझ्या पुढ्यात. त्या क्षणी मला आरेसे आठवला नाही, मूरर आठवला नाही. त्यांची साखर आठवली. ती मला कोणी सांगितलीही नव्हती. हात थबकला. नात बघत होती.

मग धरला. दोन्ही हातांनी. वरून आमचे आणखी दोघे पडले.

ढिगाऱ्याखालून ते सावकाश निघाले. गुडघा चाचपला, नातीकडे बघून हात हलवला, आणि गुणलेखकाला खणखणीत आवाजात विचारले, "त्यांचा गुण लिहिलात ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पकड ढिली आहे रे तुझी. पुढच्या वेळी सुटेन मी."