डोंगरात गेलेले देव, डोंगरातून आलेली माणसं

ताडोबाच्या तळ्याची एक कथा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी टिपून ठेवली आहे. लग्नाचं एक वऱ्हाड या रानातून चाललं होतं. उन्हानं जीव कासावीस झालेला आणि पाण्याचा कुठे थेंब नाही. डोंगरातून एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, नवरा-नवरीनं मिळून जमीन उकरावी. उकरताच झरा फुटला आणि असा उसळला की सगळं वऱ्हाड पाण्याखाली गेलं. मग तळाशी अदृश्य हातांनी देऊळ उभारलं आणि बुडालेले त्यात राहू लागले. काठावर ताडाचं एक झाड उगवलं. ते दिवसा दिसायचं आणि तिन्हीसांजा झाल्या की जमिनीत जायचं. एक आगाऊ यात्रेकरू सकाळी त्या झाडावर जाऊन बसला, झाडानं त्याला थेट आभाळात नेलं आणि तो सूर्याच्या आगीत जळून गेला. भाविकांनी हाक दिली की तळ्यातून स्वयंपाकाची भांडी वर येत आणि वापरून घासली की परत पाण्यात जात. एकानं ती घरी नेली. तेव्हापासून भांडी येणं बंद झालं. पुढे एका दुष्काळी वर्षी पाणी फार खाली गेलं, तेव्हा त्या देवळाचे सोन्याचे कळस तळाशी चमकताना दिसले, असं म्हातारे सांगत.

आता आयर्लंडकडे वळू. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मपंडितानं तिथल्या लॉख नेय या सरोवराबद्दल लिहून ठेवलं आहे. एक झरा होता आणि तो नेहमी झाकून ठेवायचा असा दंडक होता. एक बाई पाणी भरायला गेली, इतक्यात तिचं मूल रडलं. ती झाकण न लावताच धावली आणि झऱ्यानं सगळा मुलूख बुडवला. हवा शांत असली की कोळ्यांना पाण्याखाली उंच गोल मनोरे दिसतात.

या दोन कथा एवढ्या सारख्या का, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकांचा प्रांत आहे. त्यांनी तो खुशाल खणावा. मला कुतूहल आहे ते या कथांचं पुढे काय झालं याचं. आयर्लंडमधल्या अशा कथांच्या कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले, आणि चंद्रपूर-नागपूरच्या इंग्रजी शाळांतली मुलंही त्या वाचतात. ताडोबाची कथा मात्र गॅझेटियरच्या पानांत राहिली. सफारीला येणाऱ्या पर्यटकाला वाघिणींची नावं पाठ असतात. ज्या तारूच्या नावानं हे जंगल ओळखलं जातं, जो वाघाशी झुंजताना मेला आणि ज्याची पौषात जत्रा भरते, तो तारू त्याच्या गावीही नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातून मराठीत एखादी आजच्या काळातली अद्भुत साहसकथा का आली नाही, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. कल्पनाशक्ती कमी पडली, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही.

आयरिश कथा आधी देवांच्याच होत्या. अकराव्या शतकाच्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती मठांत बेटाचा एक पौराणिक इतिहास रचला गेला. त्यात ‘तुआहा डे डानन’, म्हणजे दानू देवीचे लोक, हे बेटाचे मालक आहेत. मग माणसं येतात, युद्ध होतं, देव हरतात आणि वाटणी होते. जमिनीच्या वरचा मुलूख माणसांचा, खालचा देवांचा. देव टेकड्यांच्या पोटात राहायला जातात. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० मध्ये बांधलेलं न्यूग्रेंजचं थडगं हे त्यांचंच एक घर मानलं गेलं. टेकडीत गेलेले हे देव पुढच्या शतकांत हळूहळू लहान होत गेले. त्यांची देवळं नाहीत, पूजा नाही. उरले ते चुलीपाशी सांगायचे लोक, दूध नासवणारे, मूल पळवून बदली मूल ठेवणारे. त्यांना सरळ नावानं हाक मारायची नाही, ‘भली माणसं’ म्हणायचं. देव निवृत्त झाला आणि त्याची परी झाली.

मग आले गोळा करणारे. क्रॉफ्टन क्रोकरनं दक्षिण आयर्लंडच्या परीकथा १८२५ साली छापल्या आणि पुढच्याच वर्षी ग्रिम बंधूंनी त्या जर्मनमध्ये नेल्या. १८८८ साली तरुण येट्सनं आयरिश शेतकऱ्यांच्या परीकथांचं संपादन केलं. १८९० साली डग्लस हाइडनं आयरिश भाषेतल्या कथा मूळ भाषेसह प्रसिद्ध केल्या. कथा गोळा करणारा हाच हाइड १९३८ साली आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. परीकथा जमवण्यापासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंतचा हा रस्ता योगायोगाचा नाही. गुलाम देशाला आपण कोण हे सांगायचं होतं आणि सांगायला हाताशी होत्या त्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी.

पण ही सगळी गोड गोष्ट नाही. १८९५ साली टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या नवऱ्यानं जाळलं. ही आपली बायको नव्हे, परीलोकांनी तिच्या जागी ठेवलेली दुसरीच कोणी आहे, असं तो म्हणत होता. लंडनच्या काही वर्तमानपत्रांनी लगेच निष्कर्ष काढला की असल्या लोकांना स्वराज्य कसं द्यायचं. आपल्याकडे २०२१ साली जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर गावात बांधून मारहाण झाली. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी हे घडलं. ‘आदिवासी श्रद्धा’ म्हटलं की डोळे ओलावून घेणाऱ्यांनी ही घटना विसरू नये. आणि अशा एका घटनेवरून अख्ख्या मुलखाला मागास ठरवणाऱ्यांनी १८९५ सालची लंडनची वर्तमानपत्रं आठवावीत.

याच काळात आयर्लंड आणि हिंदुस्थान एका घरात भेटले होते. डब्लिनचा व्हिटली स्टोक्स १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होता. दिवाणी आणि फौजदारी प्रक्रियेचे कायदे घडवण्यात त्याचा हात होता. हाच माणूस प्राचीन आयरिश भाषेचा मोठा पंडित होता आणि दानूच्या लोकांच्या महायुद्धाची कथा त्यानंच पुढे इंग्रजीत आणली. त्यानं मुलीचं नाव ठेवलं मेव्ह, आयरिश पुराणातल्या राणीचं. या लहान मेव्हनं घरातल्या आयांकडून ऐकलेल्या कथा १८७९ साली कलकत्त्यात पुस्तकरूपानं निघाल्या. तिच्या आधी मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिनं आपल्या आयेकडून, अॅना लिबराटा डिसोझाकडून, दख्खनच्या कथा ऐकून १८६८ साली छापल्या होत्या. मुखपृष्ठावर नाव मेरीचं आलं. मात्र अॅनाची जीवनकहाणी तिच्याच तोंडून पुस्तकात आली, हे मेरीच्या पदरात टाकलं पाहिजे.

आमच्या रानाचा गोळा करणारा होता स्टीफन हिस्लॉप, नागपूरचा स्कॉटिश मिशनरी. आज त्याच्या नावानं कॉलेज आहे. १८६३ साली तो नदीत वाहून गेला. मागे राहिलेले त्याचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्यात एक मोठं गीत आहे, एका परधानानं सांगितलेलं, लिंगोचं. परधान म्हणजे गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा किंगरीवर गाणारे लोक.

या गीतात गोंड जन्मतात, वाटेल ते खातात, आंघोळ करत नाहीत. महादेव वैतागतो, त्यांना गुहेत कोंडतो, तोंडाशी सोळा हात शिळा लावतो आणि भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो. चौघे निसटतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना आग, शेती, गाणं, कुळव्यवस्था शिकवतो. त्याला हेच चौघे मानलेले भाऊ मारतात. अमृतानं तो उठतो आणि शेवटी कोंडलेल्यांची सुटका करतो. गीतावर हिंदू पुराणांची सावली दाट आहे. आजचे गोंड ती बाजूला सारून कथा सांगतात. कली कंकालीची मुलं गुहेत कोंडली गेली. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेसाठी झटले. हिरासुका पाटालीर या किंगरीवाद्यानं शिळा ढकलली आणि तो तिच्याखालीच गेला. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमवर, म्हणजे गोंडांच्या धर्मावर, लिहिताना ही मांडणी केली. ती गुहा म्हणजे कचारगड, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड येतात.

दोन्ही कथांमध्ये डोंगराचं पोट आहे. पण आयरिश देव हरून आत जातात आणि कायमचे तिथेच राहतात. गोंडांची माणसं आत कोंडलेली असतात आणि बाहेर येतात. एक कथा माघारीची आहे, दुसरी सुटकेची. माझ्या मते साहसकथा का आली नाही याचं उत्तर इथे आहे. माघार घेतलेल्या देवाला लेखक हवा तसा वापरू शकतो. ओन कोल्फरनं २००१ साली ‘आर्टेमिस फाउल’मध्ये परीलोकांना जमिनीखाली अत्याधुनिक यंत्रं आणि पोलीसदल देऊन टाकलं. एक बारा वर्षांचा आयरिश पोरगा सोन्यासाठी त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याला पळवतो. कुणाची भावना दुखावली नाही, कारण कोणी त्या पोलिसांना नारळ फोडत नव्हतं. लिंगोचं तसं नाही. कचारगडला गर्दी करणाऱ्यांसाठी तो कादंबरीतलं पात्र नाही, सुटका करणारा आहे. त्याला चमकता अंगरखा घालून पुण्यातल्या लेखकानं पोरांपुढे उभा केला, तर ते सुटलेल्याला पुन्हा कोंडणं होईल.

बाकी साहित्याची वाण कधीच नव्हती. चंद्रपूर शहर वसण्याची कथाच घ्या. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहाच्या अंगभर गाठी होत्या. झरपटच्या झऱ्याचं पाणी पिऊन तो बरा झाला. पुढे त्याच रानात त्यानं पाहिलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करतोय. ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर परकोट बांधला, अशी आख्यायिका. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर हे त्या परकोटाचे दरवाजे आजही रहदारीची कोंडी करतात! पण ‘मुक्तामाला’ कादंबरीपासून ‘वीरधवल’पर्यंत आणि पुढे ‘चांदोबा’ मासिकापर्यंत मराठी अद्भुताचं अरण्य मुद्दाम नकाशाबाहेर ठेवलेलं होतं. चांदोबातल्या रानाला पिनकोड नव्हता. पिनकोड असता तर तिथे राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागलं असतं.

आता आयर्लंडचे देव अगदीच निवृत्त झाले, असंही नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथे महामार्गाच्या आड काटेरी हॉथॉर्नचं एक झुडूप आलं. लढाईला जाणारे परीलोक तिथे जमतात, अशी समजूत. कथाकार एडी लेनिहान यांनी वर्तमानपत्रात लिहून मोहीम चालवली, आखणी बदलली, झुडूप वाचलं. जगानं हे कौतुकानं वाचलं. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. जानेवारीत तिथे यात्रा भरते, आसपासच्या गावांचे माडिया जमतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे आणि खाण सुरू झाली आहे. तिथे ‘डोंगर देव आहे’ हे वाक्य कौतुकाचं ठरत नाही, विकासविरोधाचं ठरतं. ओडिशात नियमगिरी डोंगराच्या बाबतीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न ग्रामसभांपुढे नेला आणि सगळ्या ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. म्हणजे डोंगरातला देव ही कल्पना चुलीपाशी सुरू झाली, मिशनऱ्याच्या कागदात गेली, राष्ट्रवादाच्या कामी आली, मुलांच्या कादंबरीत रमली आणि आता वनहक्क कायद्याच्या कलमांत येऊन बसली आहे. हे तिचं सर्वांत प्रौढ रूप आहे असं मी मानतो.

कादंबरी नकोच, असा याचा अर्थ नाही. ती कोणी लिहायची एवढाच मुद्दा आहे. हिस्लॉपला गीत सांगणारा परधान कागदावर आला तो नावावाचून, आणि कॅप्टन फोर्सिथनं १८७१ च्या आपल्या पुस्तकात त्याच गीताला अमेरिकन कवी लाँगफेलोच्या छंदाचा पोशाख चढवला. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी परधान-गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला गेला, तिथलं बिग बेन त्यानं कोंबड्याच्या रूपात चितारलं आणि २००४ साली त्याचं पुस्तक निघालं. नजर उलटी फिरली, की अद्भुत आपोआप येतं. त्याला परी आयात करावी लागत नाही.

आयर्लंडची नक्कल करायचीच असेल, तर ती १९३७ ते १९३९ या वर्षांची करावी. तेव्हा तिथल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून गोष्टी वह्यांत उतरवल्या. सांगणाऱ्याचं नाव, गाव, वय लिहिलं. त्या वह्या सरकारनं जपल्या. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. भाषा आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, म्हणजे इच्छा गावातच आहे.

म्हणून भामरागड, एटापल्ली, धानोरा, जिवतीच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. येत्या वर्षी वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक वेगळी वही द्या. दिवाळीच्या सुट्टीत घरी ऐकलेली गोष्ट त्यानं माडियात, गोंडीत, कोलामीत, जी घरची भाषा असेल तीत देवनागरीनं लिहावी. वर सांगणाऱ्याचं नाव असावं. कुठली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची आणि कुठली नाही, हे ग्रामसभेनं ठरवावं. आदिवासी विकास विभागानं वह्यांचा खर्च द्यावा आणि मजकुरात हात घालू नये. प्रकाशकांनी वीस वर्षं थांबावं. या मुलांतलंच कोणी कादंबरी लिहील.