पुसण्याची किंमत

दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी आणि त्यांचे शिष्य एकनाथ यांची कथा मराठवाड्यात बहुतेकांना ठाऊक असते. जमाखर्चात एका पैची चूक राहिली. नाथांनी रात्र जागून ती शोधली आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली. पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसाराची चूक उमगल्यावर किती होईल, असे गुरू म्हणाले.

कथेचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार सांगतातच. पण जुन्या नोंदी शाबूत नसत्या, तर नाथांना मागे जायला वाटच उरली नसती.

आयबीएमचे रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. आकडेमोडीला ऊर्जेची किमान किंमत मोजावीच लागते असे नाही. माहिती पुसण्याला मात्र लागते. एका जूलच्या अब्जांशाचा अब्जांश घ्यावा, त्याचे हजार भाग करावेत आणि त्यातले सुमारे ३ उचलावेत. खोलीच्या तापमानाला एक बिट पुसताना निदान एवढी उष्णता बाहेर पडतेच. २०१२ मध्ये फ्रान्सच्या लिऑनमध्ये लेझरने पकडून ठेवलेल्या सूक्ष्म कणावर हे पडताळलेही गेले.

इथे वैरागी माणूस अडखळेल. अपरिग्रह सांगतो, साठवू नका, सोडा. भौतिकी म्हणते, सोडण्याचेच पैसे पडतात! मग ऊर्जा वाचवायची म्हणून यंत्राने सगळा कचरा उराशी धरून बसायचे?

१९७३ मध्ये आयबीएमच्याच चार्ल्स बेनेट यांनी वाट काढली. उत्तराची प्रत घ्यायची आणि गणित उलट पावलांनी परत न्यायचे. मधली टिपणे न पुसता आपोआप उलगडत जातात. पतंजलींनीही सूक्ष्म क्लेशांसाठी मुळाकडे परतण्याचाच उपाय सांगितला आहे. म्हणून योगसूत्रांत संगणक होता असे कोणी म्हणू नये. साम्य आहे ते एवढेच, की दोन्हीकडे झटकून टाकणे हे मुक्त होणे मानलेले नाही.

फोन तापतो तो मात्र लँडाउअरमुळे नव्हे. आजच्या चिपा त्या मर्यादेच्या हजारो पट ऊर्जा खातात, आणि त्यात घाईचा वाटा मोठा. विद्युतभार हळूहळू भरून पुन्हा स्रोताकडे परतवणारी मंडले प्रयोगशाळांत बनली आहेत. ती जितकी सावकाश चालवावीत, तितकी गळती कमी. व्हिडिओ पाहणाऱ्याला हा संथपणा परवडणार नाही. शेतातल्या मातीची ओल तासातून एकदा मोजणाऱ्या, नखाएवढ्या सौरपट्टीवर जगणाऱ्या सेन्सरला कसली घाई?