बांधणारा आणि बांधलेला

दत्तमहाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. लहानपणी दर गुरुवारी ती तसबीर पुसायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा एकच प्रश्न पडायचा, की ही कुत्री इतकी शांत कशी? एकाच्याही गळ्यात पट्टा नाही, आणि पायापासून हलायला तर कोणी तयार नाही. वडील म्हणायचे, "अरे, ते चार वेद आहेत." उत्तर बरोबरच होतं. पण गेल्या कार्तिकात घरातल्या एका सव्वा किलोच्या पिल्लाला शांत ठेवायची पाळी आली, तेव्हा तो जुना प्रश्न नव्याने समोर येऊन उभा राहिला.

पिल्लाचं नाव गुंड्या. पांढरं, केसाळ, चार महिन्यांचं. नातीनं हौसेनं आणलं आणि परीक्षा आली म्हणून आमच्याकडे ठेवून गेली. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री फटाका वाजला, ते दचकलं आणि दिवाणावरून खाली पडलं. उंची ती काय, दीड हात! पण या लहान जातींच्या पुढच्या पायाची हाडं काडीसारखी बारीक असतात. उजव्या पायाची मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, माझं काम तासाभराचं होतं. तुमचं सहा आठवड्यांचं आहे. उडी नाही, जिना नाही, सोफा नाही, पळणं नाही. लघवीला न्याल तेही पट्ट्यानं, पाच मिनिटं, आणि परत पिंजऱ्यात."

पहिले चार दिवस सोपे गेले, कारण ते बिचारं दुखण्यानंच पडून होतं. खरी परीक्षा पुढेच असते, हे मला ठाऊक नव्हतं. औषधानं दुखणं थांबतं, हाड मात्र आपल्या वेळेनंच जुळतं. आठव्या दिवशी गुंड्याला वाटायला लागलं की आपण ठणठणीत आहोत. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, पायाला पट्टी, आणि जाळीवर दोन पाय टेकून उभं राहायची धडपड. मी दिसलो की अख्खं अंग हलवायचं. आणि रडायचं. ते रडणं ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून कळणार नाही.

माणसाला निदान सांगता येतं. मुलाला इंजेक्शन देताना ते रडतं, पण मोठं झाल्यावर त्याला कळतं की हे आपल्या भल्यासाठी होतं. या जीवाला ते कधीच कळणार नाही. त्याच्या लेखी इतकंच, की काल मला मांडीवर घेणारा माणूस आज मला कोंडतो आहे. गुरुचरित्राच्या सप्ताहात आपण एका जागी बसतो, भुईवर झोपतो, ठराविकच अन्न खातो. ते बंधन आपण मागून घेतलेलं असतं म्हणून त्याला नियम म्हणतात. तेच दुसऱ्यानं लादलं, आणि का लादलं ते समजायची सोय नसली, तर त्याला काय म्हणायचं? मी रोज पिंजऱ्याची कडी लावायचो आणि रोज हे मनात यायचं.

अठराव्या दिवशी मी हरलो. दुपारची वेळ, हिच्या डोळ्याला डोळा लागलेला, गुंड्या पाऊण तास रडत होतं. म्हटलं, जाऊ दे, बिचाऱ्या मुक्या जीवाला किती छळायचं. कडी काढली, उचलून मांडीवर घेतलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. पुढचं लिहायला नको. एक्स-रेत एक स्क्रू ढिला झालेला दिसला. नशीब इतकंच की पुन्हा कापावं लागलं नाही. बाहेरून आधाराची पट्टी घातली आणि सहा आठवड्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

हिनं एक शब्द बोलून दाखवला नाही. रात्री मात्र म्हणाली, "अहो, तुम्हाला त्याची दया आली, की ते रडणं तुम्हाला ऐकवत नव्हतं?"

या प्रश्नानं झोप गेली. कारण त्याच्या मागे एक जुना प्रश्न दडलेला होता, आणि तो कुत्र्याचा नव्हता.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती ८१ वर्षांची होती. ऑपरेशननंतर तिला भ्रम झाला. म्हातारपणी असं पुष्कळांना होतं. बहुतेक काही दिवसांत ओसरतं. ती सलाइनच्या नळ्या उपसायची, उठून "तुळशीला पाणी घालायचंय" म्हणायची. एका रात्री नर्सबाई म्हणाल्या, "कोणी रात्रभर जवळ बसणार असेल तर ठीक, नाहीतर हात बांधावे लागतील." मी दोन रात्री जागलेला होतो, दुसऱ्या दिवशी कचेरीत ऑडिट होतं. मी हो म्हणालो आणि घरी येऊन झोपलो. सकाळी गेलो तर आई शांत होती. मनगटांवर वळ होते. ती पुढे दोन वर्षं जगली, पण त्या रात्रीबद्दल कधी काही बोलली नाही. मीही नाही विचारलं.

तेव्हा बांधलं होतं आणि आता सोडलं होतं. दोन्ही वेळा मी स्वतःला सांगितलं की हे तिच्या भल्यासाठी, हे त्याच्या भल्यासाठी. खरं पाहिलं तर दोन्ही वेळा सुटका माझीच झाली होती, एकदा जागरणातून आणि एकदा रडण्यातून. दया बांधण्यात नसते आणि सोडण्यातही नसते. बांधल्यावर आपण कुठे असतो, यावर ती ठरत असावी असं मला वाटतं. नर्सबाईंनी पर्याय दिला होता. बसणारा माणूस असता तर पट्ट्यांची गरज नव्हती.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते वाचकांना ठाऊकच आहेत. त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, मासा आणि कोळी आहे. गंमत म्हणजे कुत्रं नाही! पण मला त्या दिवसांत उपयोगी पडली ती कांडण करणारी कुमारी. हातातल्या बांगड्या वाजतात म्हणून तिनं एकेक काढली आणि शेवटी एकच ठेवली. आम्हीही तेच केलं. दाराच्या बेलची वायर काढली. बाहेरून आल्यावर "कसं आहे माझं बाळ" हा गजर बंद. आधी हातपाय धुवायचे, मग गुपचूप जवळ जाऊन बसायचं. पिंजरा रस्त्याकडच्या खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी नेला. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नये म्हणून जुन्या सतरंज्या अंथरल्या. पिल्लू रडतं ते पुष्कळदा आपल्याच आवाजानं आणि धांदलीनं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी शिकवली. पाय थकवता येत नसतील तर नाक थकवायचं. जुना टॉवेल घ्यायचा, त्यात त्याच्या जेवणातलेच बारीक दाणे टाकून सैल गुंडाळी करायची आणि पुढ्यात ठेवायची. नरसाळं तेवढ्यापुरतं काढायचं, पण नजर हलवायची नाही, नाहीतर पट्टी चावायला लागतं. पाव तास हुंगून हुंगून शोधलं की ते असं झोपतं, जणू मैलभर धावून आलंय. ताटलीला थोडं दही चोपडून चाटायला दिलं तरी मन रमतं. तसंही एवढी पिल्लं दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतातच. आपण फक्त मध्ये पडायचं नाही. डॉक्टरांनी शांत ठेवणारी एक गोळीही दिली होती, ती त्यांनी सांगितली तेवढीच दिली. इथे एक सांगून ठेवतो. घरातली तापाची किंवा सांधेदुखीची गोळी "थोडीशीच" म्हणून कुत्र्याला कधीही देऊ नये, त्या त्याला घातक ठरतात. तसंच प्रसादातले बेदाणे आणि मनुकेही. जयंतीच्या सुंठवड्यात घरोघर बेदाणे असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोन दिवसांनी सप्ताह बसणार होता. चौतीस वर्षं चुकलेला नव्हता. पारायण देवघरात, आणि पिंजरा मधल्या खोलीत. मी दृष्टीआड झालो की गुंड्या रडणार, हे नक्की. सोवळ्याचं कसं करायचं? मी अडखळलो तशी ही म्हणाली, "चार पायाशी बसवून घेतलेत ना त्यांनी? पाचव्यानं काय अडणार आहे!" मग देवघराच्या उंबऱ्याबाहेर, मला दिसेल असा पिंजरा ठेवला. त्याचं सगळं ही बघणार आणि मी आसन सोडणार नाही, असं ठरलं.

पहिल्या दिवशी अर्धा तास कुरकुर झाली. दुसऱ्या दिवशी कमी. मी ओवी वाचत होतो एका लयीत, आणि जाळीवर हनुवटी ठेवून ते ऐकत होतं. ऐकत होतं म्हणजे काय, आवाज ओळखीचा होता इतकंच. उगाच चमत्कार करायला नको. पण तिसऱ्या दिवशी वाचता वाचता माझे गुडघे भरून आले, उठावंसं वाटलं आणि उठता येईना. समोर पाहिलं तर तेही माझ्याकडेच बघत होतं. दोघंही जागचे हललो नाही.

त्या सात दिवसांत आईची आठवण फार आली. पारायणाच्या संकल्पात मी तिचं नाव घेतलं. माफी मागितली असं म्हणणार नाही, कारण द्यायला ती नाही. नाव घेतलं एवढंच.

जयंतीनंतर बरोबर साडेचार आठवड्यांनी एक्स-रे झाला. हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू सोडा. आधी दहा मिनिटं, मग वीस, उड्या अजून महिनाभर नकोत. घरी येऊन मी पिंजऱ्याचं दार काढून बाजूला ठेवलं. गुंड्या बाहेर आलं, पट्ट्यानं अंगणात एक चक्कर मारली, तुळशीपाशी हुंगलं, आणि परत आत जाऊन आपल्या गोधडीवर वेटोळं करून झोपलं.

नात आता दर महिन्याला येते, पण त्याला नेण्याचं नाव काढत नाही. ही म्हणते पिंजरा भंगारात देऊन टाका, उगाच जागा अडते. यंदाचा सप्ताह चार दिवसांवर आलाय. उंबऱ्याबाहेरची ती जागा मी अजून रिकामी केलेली नाही.