गावाचं नाव आणि गावाची पोरं

कबड्डीच्या संघाला गावाचं नाव लागतं, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावर कुणी विचारच करत नाही. दुकानाला मालकाचं नाव असतं, शाळेला देणगीदाराचं असतं, पण संघाला सबंध गावाचं. मैदानात उतरतात सात गडी आणि हरतं नाहीतर जिंकतं अख्खं गाव. ज्यानं जन्मात एक चढाई केली नाही, तोसुद्धा दुसऱ्या दिवशी बाजारात मिशीवर हात फिरवत सांगतो, "काल आमी त्येंना लोळवलं." हे 'आमी' येतं कुठून? कशानं टिकतं आणि कशानं तुटतं? गेली दोन वर्षं आमच्या गावात याच गोष्टीवर वाद चाललाय. पारावर, डेअरीत दूध घालताना, लग्नाच्या पंगतीत, मयताहून परतताना सुद्धा. म्हणून म्हटलं, एकदा कागदावर मांडून बघावं.

वाद असा. आमचं मंडळ आजवर ६५ किलो वजनगटात खेळत आलं. पोरं गावचीच. कुणी उसाला पाणी पाजणारं, कुणी एमआयडीसीत पाळी करणारं, कुणी कॉलेजात जाणारं. सराव देवळामागच्या मातीत, संध्याकाळी, एका दिव्याच्या उजेडात. आता तरण्या पोरांचं म्हणणं, खुल्या गटात उतरायचं. खुला गट म्हणजे जिल्ह्यातले नावाजलेले संघ, खात्यापित्या अंगाचे गडी आणि मोठी बक्षिसं. तिथं टिकायचं तर बाहेरचे तीन खेळाडू मानधन देऊन आणायचे, मॅट घ्यायची आणि वर्गणी वाढवायची. म्हाताऱ्यांचं म्हणणं, गावचा संघ म्हणजे गावची पोरं. भाड्याचे गडी आणून जिंकायचं असलं तर वरातीला नवरदेवबी भाड्यानंच आणा.

माझा पुतण्या मंडळात आहे. तो मला म्हणाला, "तात्या, मातीत खेळून मातीतच ऱ्हायचं का आमी? दरसाल त्याच चार गावांस्नी हरवायचं आन् ढाल घिऊन नाचायचं?"

ह्याला उत्तर देणं सोपं नाही. कारण वर जावंसं वाटणं हा काही दोष नव्हे. एकरी चाळीस टन ऊस काढणाऱ्याला साठ टनाचं स्वप्न पडलंच पाहिजे, नाहीतर तो शेतकरी कसला?

म्हाताऱ्यांना वाटतं, बाहेरचा गडी आणायचं खूळ आजचं आहे. तसं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी पंजाबापासूनचे मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांना आश्रय दिला, खुराक दिला. १९०२ साली महाराज विलायतेला गेले, तेव्हा वाटेत त्यांनी रोमचं जुनं गोल मैदान पाहिलं आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं. १९१२ साली ते पुरं झालं. म्हणजे गडी आणले, सोयी केल्या आणि कोल्हापूरला वरच्या पायरीवर नेलं. आमची पोरं आज जे तीन हट्ट करतात, ते तिन्ही महाराजांनी केले. मग त्यांना कुणी नावं का ठेवत नाही? माझ्या मते, कारण एकच. ते मल्ल कुस्ती मारून, इनाम घेऊन गाडीत बसले नाहीत. ते तालमीत राहिले. त्यांच्या अंगाला अंग घासून इथली पोरं घडली. बाहेरून आलेली विद्या इथल्या मातीत मुरली.

सोयीचंही तसंच. "आमी मातीत खेळलो, आमचं काय अडलं?" असं म्हणणाऱ्यांना मी खाशाबा जाधवांची आठवण देतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. आयुष्य लाल मातीत गेलेलं आणि तिथं कुस्ती मॅटवर. तरी सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ ला, हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. मातीनं माणूस घडतो हे खरं. पण जग मॅटवर खेळत असेल, तर पोरांना मॅटपासून लांब ठेवणं ही काही मातीवरची माया नव्हे. पोहायला शिकवायचं आणि विहीर दाखवायची नाही, असं होतं ते.

खाशाबांच्याच गोष्टीतली दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या खेळून तो पैसा फेडला. गावानं त्यांची मिरवणूक काढली ती बैलगाड्यांची. इथं बघा, देणारे कोण आणि घेणारे कोण, हे वेगळं काढताच येत नाही. गुरूनं घर लावलं, गावानं घाम लावला आणि गड्यानं दोन्हीची परतफेड केली. अशा गावानं "आमी जिंकलो" म्हटलं तर ते शोभतं. त्या 'आमी'ची किंमत त्यांनी मोजलेली असते.

आता अलीकडची गोष्ट. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि आमच्या गावात टीव्हीसमोर हातातली भाकरी हातातच राहू लागली. २०२४ च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणनं चषक जिंकला. कप्तान आपला नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. गावात फटाके वाजले. त्याच संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता, लिलावात २ कोटी ३५ लाखाला घेतलेला. काय पकडी करायचा! आमच्या पारावर त्याचं नाव सुद्धा मराठी करून टाकलं होतं. पुढच्या हंगामात तो हरियाणाच्या संघात गेला आणि डिसेंबरात हरियाणानं चषक उचलला. अंतिम सामना झाला कुठं? पुण्यात, बालेवाडीत. म्हणजे मार्चमध्ये जो आपला होता, त्यानं डिसेंबरात आपल्या दारात येऊन दुसऱ्यासाठी चषक नेला.

ह्यात त्याचा काहीच दोष नाही. तो धंदा आहे आणि तो त्यानं चोख केला. ज्याचा पगार त्याची चाकरी. पण तिथं पुण्याचं नाव हे पाटीवरचं नाव असतं, हे बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. आमच्या गावाचं नाव तसं पाटीवरचं करायचं का, हा खरा सवाल आहे.

मी उसाचा शेतकरी, त्यामुळं मला उसातलंच सुचतं. आमच्या भागात 'को ८६०३२' ह्या जातीनं कित्येकांची घरं बांधली. त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर. मूळ बेणं परमुलखातलं. पण आज त्याला कुणी परकं म्हणत नाही. का? तर ते आपल्या सरीत रुजलं, त्याला फुटवे फुटले, तोडणीनंतर खोडवा आला आणि त्यातून शेजाऱ्याला बेणं देता आलं. उलट घरचंच बेणं वर्षानुवर्षं लावत राहिलं की ते रोगाला बळी पडतं, उतारा घटतो. तीन-चार वर्षांनी बेणं बदलावंच लागतं. तेव्हा बाहेरचं म्हणजे वाईट आणि घरचं म्हणजे चांगलं, हा हिशेब रानातसुद्धा चालत नाही, मग मैदानात कसा चालेल? विचारायचं ते एवढंच, की आणलेल्या बेण्याला आपल्या रानात फुटवा फुटणार आहे का? का नुसता उभा ऊस विकत आणून आपल्या बांधावर रोवायचा आणि लोकांना दाखवायचा?

पण गोष्ट एवढ्यावर मिटत नाही. कारण ह्या सगळ्यात एक पोरगं आहे.

नाव लिहीत नाही. बाप नाही, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पोरगं पहाटे उसाच्या गाड्या भरतं आणि संध्याकाळी डाव्या कोपऱ्यावर खेळतं. घोटा धरला की सोडत नाही. त्याला पोलिसात जायचंय. आपल्याकडं खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी नियमात बसणारं पदक लागतं. त्याची वाट जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेतून जाते. तिथं खेळ दिसला तर जिल्ह्याच्या संघात, तिथून राज्याला. आता बघा ह्या पोराची अडचण. संघ खालच्या गटातच राहिला, तर निवड करणारे त्याच्याकडं बघायलाच येणार नाहीत. संघ वर गेला आणि डाव्या कोपऱ्याला मानधनवाला गडी आला, तर हे पोरगं बदली खेळाडूंत बसणार. बसलेल्या गड्याचा खेळ दिसणार कुणाला? म्हणजे म्हाताऱ्यांचं ऐकलं तरी तो मारला जातो आणि तरण्यांचं ऐकलं तरी मारला जातो. गावाच्या अभिमानावर दोन वर्षं भांडणाऱ्या आम्हा लोकांत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्याची आईच एकदा बांधावर मला म्हणाली, "तात्यासाब, ढाल कुनाच्याबी घरात ठिवा. माज्या पोराचं तेवडं बगा."

यात्रेच्या आधी मंडळाची बैठक झाली. मला वडीलधारा म्हणून बोलावलं होतं. मी तिथं निकाल दिला नाही, तीन सवाल टाकले. पहिला, येणारा गडी सामन्यापुरता येणार का हंगामभर राहून पोरांना शिकवणार? दुसरा, तो ज्याच्या जागी खेळणार त्या पोराचं काय? तिसरा, मॅट आली तर तिच्यावर गावच्या पोरींना कोणती वेळ?

तिसऱ्या सवालाला सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शाळेच्या पटांगणात आमच्या पोरी खड्यात खेळतात, गुडघे फोडून घेतात, तालुक्याला जाऊन जिंकूनही येतात. पण 'गावचा संघ' म्हटलं की त्या कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाहीत. वर्गणीची पावती मात्र त्यांच्या बापाच्या नावानंही फाटते.

एक जण तावातावानं म्हणाला, "तात्या, आदी जिंकू तर द्या. जिंकलो की पैसा यील, पैसा आला की सगळ्यांचं बघता यील." ह्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. जिंकणाऱ्या संघाला वर्गणी मिळते, पुढारी जर्सी देतात, पोरं मैदानाकडं वळतात. पण 'आधी आपण मोठं होऊ, मग सगळ्यांचं बघू' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. सोसायटीत ऐकलं, पाणीवाटपाच्या मीटिंगात ऐकलं. कॅनॉलच्या शेपटाला ज्याची जमीन आहे त्याला विचारा, 'मग' म्हणजे कधी असतं ते. वरच्याचं भागल्यावर खाली सोडू, असं ठरलं की खालच्याच्या वाट्याला ओली माती येते. वाटा आधी ठरवावा लागतो, पाणी आल्यावर नव्हे.

बैठकीत बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. तीन नाही, एकच गडी आणायचा, चढाईचा. कारण आमची खरी उणीव चढाईत आहे, पकडीत नाही. त्याचा मुक्काम हंगामभर गावात, जेवण घराघरांत पाळीनं आणि सकाळी शाळेच्या पोरांना तासभर शिकवणं मानधनातच धरलेलं. मॅटला वर्गणी काढायची, पण आठवड्यातले तीन दिवस पोरींचे आणि हे पावतीपुस्तकावर छापायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत सातांपैकी सहा गडी गावचे.

ह्यानं सगळे खूश झाले असं मुळीच नाही. काही तरणी पोरं म्हणतात, एका गड्यानं खुला गट जिंकत नसतो. पहिलं वर्ष तरी ती खरी ठरतील असं मला वाटतं, आपण मार खाऊ. म्हातारे म्हणतात, एक आला तर उद्या चार येतील. तीही भीती खोटी नाही, कारण हाव अंगठा धरून आत येते. मला स्वतःला वाटतं, दरसाल हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. किती सामने जिंकले हे तर लिहूच, पण त्याच्या खाली हेही लिहावं, की गावची किती नवी पोरं-पोरी मैदानात उतरल्या, आलेल्या गड्याकडनं कोण काय शिकलं आणि वर्षभरात बाकावर कोण बसून राहिलं.

हरण्याबद्दल आपल्या लोकांना फार धास्ती. पण गावाचं नाव हरण्यानं जात नाही. आपल्याच पोराला बाहेर बसवून, त्याच्याच आईकडनं वर्गणी घेऊन आपण शिट्ट्या मारल्या, तर ढाल घरात असूनही त्या नावात काय उरतं, ते शिट्ट्या मारणाऱ्यांनी सांगावं. सध्या ते पोरगं डाव्या कोपऱ्यावरच आहे. जिल्ह्याची स्पर्धा थंडीत आहे. त्याच्या पहाटेच्या गाड्या त्या आठवड्यापुरत्या कोण भरणार, ह्याची पाळी मंडळानं अजून लावलेली नाही. ती लावायला हवी.