चार मतांचं अंतर

वॉरन हेस्टिंग्ज हे नाव आपल्याला सालबाईच्या तहामुळे ठाऊक असतं. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कलकत्त्याहून सूत्रं हलवणारा हा गव्हर्नर जनरल मायदेशी परतला आणि १७८८ पासून सात वर्षं लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये महाभियोगाला तोंड देत राहिला. त्याचं नाव अमेरिकी राज्यघटनेच्या जन्मकथेतही येतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

८ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियात मसुद्यावर चर्चा चालू होती. राष्ट्राध्यक्षाला पदावरून दूर करायला राजद्रोह आणि लाचखोरी ही दोनच कारणं मसुद्यात होती. जॉर्ज मेसन म्हणाले की, हेस्टिंग्जवरचे आरोप राजद्रोहात बसत नाहीत. म्हणून 'गैरकारभार' हाही शब्द घाला. जेम्स मॅडिसन यांनी हरकत घेतली. इतका सैल शब्द ठेवला तर माणूस सेनेटची मर्जी असेपर्यंतच पदावर राहील! मेसन यांनी शब्द मागे घेतला आणि त्याजागी आलं 'इतर गंभीर गुन्हे आणि दुष्कृत्यं'. पुढे हे कलम सगळ्या मुलकी अधिकाऱ्यांना लागू झालं आणि फेडरल न्यायाधीश त्यातच आले.

न्यायाधीशांसाठी घटनेत आणखी एक शब्द आहे: सद्वर्तन. सद्वर्तन असेपर्यंत पद. ही कल्पना इंग्लंडच्या १७०१ च्या कायद्यातली. वसाहतींतल्या न्यायाधीशांना मात्र तिचा लाभ नव्हता. राजाने न्यायाधीशांचं पद आणि पगार दोन्ही आपल्या मुठीत ठेवले, ही १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली एक उघड तक्रार आहे. इंग्लंडमध्ये दोन्ही सभागृहांच्या विनंतीवरून न्यायाधीशाला काढता येई. तशी सोय अमेरिकेतही करावी, अशी सूचना जॉन डिकिन्सन यांनी केली. ती फेटाळली गेली. आता महाभियोगाचा एकच मार्ग उरला. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे, सेनेटने खटला चालवायचा आणि दोनतृतीयांश मतं पडली तरच न्यायाधीश जाणार.

या एकाच वाटेची अडचण पहिल्याच खटल्यात दिसली. न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जॉन पिकरिंग हे एकेकाळचे नाणावलेले कायदेपंडित. नंतर त्यांचं मन ढळलं, दारू वाढली. १८०२ मध्ये 'एलायझा' जहाजाच्या जप्तीचा खटला त्यांच्यापुढे आला, तेव्हा ते नशेत होते. सरकारी साक्षीदारांचं म्हणणं ऐकूनही न घेता त्यांनी जहाज मालकाला परत दिलं. सेनेटपुढे ते हजर राहिलेच नाहीत. त्यांच्या मुलाने अर्ज पाठवला: माझ्या वडिलांचं मन ठिकाणावर नाही. आता करायचं काय? वेडा माणूस काम करू शकत नाही हे खरं. पण वेड हा गुन्हाही नव्हे. १२ मार्च १८०४ रोजी सेनेटने त्यांना १९ विरुद्ध ७ मतांनी दोषी ठरवलं. मत देताना प्रश्न विचारला गेला तो एवढाच की, आरोपपत्रात म्हटल्याप्रमाणे ते दोषी आहेत का. ती कृत्यं घटनेतल्या अर्थाने गुन्हे ठरतात का, हे विचारायचं शिताफीने टाळलं गेलं. काही सेनेटर तर मतदानाआधीच उठून गेले. आपल्या राज्यघटनेच्या १२४ व्या कलमात 'सिद्ध झालेलं गैरवर्तन' याच्या जोडीला 'अक्षमता' हा शब्द आहे. तो वाचताना मला पिकरिंगच्या मुलाचा अर्ज आठवतो.

त्याच १२ मार्चला प्रतिनिधीगृहाने सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांच्यावर महाभियोग मंजूर केला. माझ्या मते या विषयाचा खरा गाभा इथे आहे.

चेस मला आवडत नाहीत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हा माणूस न्यायासनावर बसून पक्षाचं राजकारण करत होता. सरकारवरच्या टीकेला गुन्हा ठरवणाऱ्या १७९८ च्या कायद्याखाली जेम्स कॅलेंडर या पत्रकारावर रिचमंडमध्ये खटला चालला, तेव्हा चेस यांनी बचावाच्या वकिलांना इतकं अडवलं की त्यांनी काम सोडून दिलं. १८०३ मध्ये बाल्टिमोरच्या ग्रँड ज्यूरीपुढे त्यांनी, मताधिकार सगळ्यांना दिला तर प्रजासत्ताकाची झुंडशाही होईल, असं भाषण ठोकलं. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी प्रतिनिधीगृहातल्या आपल्या एका सहकाऱ्याला पत्र लिहून विचारलं, हे असंच जाऊ द्यायचं का? आणि लगेच जोडलं की, मी स्वतः यात न पडलेलं बरं.

खटला फेब्रुवारी १८०५ मध्ये उभा राहिला. अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर. आदल्या जुलैत द्वंद्वयुद्धात अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा जीव घेणारे हेच बर. त्यांनी सेनेटचं दालन हेस्टिंग्जच्या खटल्याच्या धर्तीवर सजवून घेतलं होतं. सेनेटरांच्या बाकांवर किरमिजी कापड, प्रेक्षकांसाठी उभारलेल्या सज्जाला हिरवं. फिलाडेल्फियाच्या चर्चेत उच्चारलेलं ते नाव अशा रीतीने वॉशिंग्टनच्या दालनात उतरलं.

सत्ताधारी पक्षातले सेनेटर विल्यम जाइल्स यांची भूमिका निदान स्वच्छ होती. त्यांच्या मते महाभियोगाला गुन्हा लागतच नाही. तुमची मतं देशाला घातक आहेत आणि तुमच्या जागी आम्हाला दुसरा माणूस हवा आहे, एवढं सांगणं पुरे. मॅडिसन यांना ज्याची धास्ती होती, ती 'सेनेटची मर्जी' ती हीच. सरन्यायाधीश जॉन मार्शल तर इतके धास्तावले होते की, न्यायाधीशांवर महाभियोग आणण्यापेक्षा निकाल फिरवण्याचा अधिकार काँग्रेसला दिलेला परवडेल, असं त्यांनी चेस यांना पत्रात लिहिलं. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा, हे दोनच वर्षांपूर्वी 'मार्बरी'च्या निकालात ठणकावून सांगणारे ते हेच मार्शल!

सेनेटमध्ये ३४ जण होते. जेफरसन यांच्या पक्षाचे २५, विरोधी फेडरलिस्ट ९. दोषी ठरवायला २३ मतं हवी होती. कनेटिकटचे युरायाह ट्रेसी इतके आजारी होते की त्यांना कोचावर झोपवून सभागृहात आणलं गेलं. पण चेस यांना त्या नऊ मतांनी तारलं नाही. तारलं ते जेफरसन यांच्याच पक्षातल्या सहा जणांनी. आठही आरोपांवर ते आपल्या पक्षाच्या विरोधात गेले. सगळ्यांत जास्त मतं मिळाली बाल्टिमोरच्या भाषणाच्या आरोपाला, तीही १९.

निकाल पटला नाही म्हणून न्यायाधीशाला काढायचं नाही, असं घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. ही रीत त्या मतदानातून पडली. ती दोन्ही बाजूंनी पाळली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. काँग्रेसने हात आवरला आणि न्यायाधीशांनी जीभ. ग्रँड ज्यूरीपुढची पक्षीय भाषणं पुढे थांबली. जेफरसन शेवटपर्यंत चडफडत राहिले. महाभियोग म्हणजे नुसतं बुजगावणं, असं त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवलं.

आजवर पंधरा फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग मंजूर झाला. आठ दोषी ठरले, चार सुटले, तिघांनी राजीनामे दिले. दोषी ठरलेल्यांच्या कहाण्या बहुतेक लाच, करचुकवेगिरी, खोटी साक्ष अशा आहेत. वेस्ट हम्फ्रीज यांना १८६२ मध्ये काढलं ते बंडखोर दक्षिणेला जाऊन मिळाले म्हणून. हॅरी क्लेबोर्न करचुकवेगिरीच्या शिक्षेत तुरुंगात बसूनही पगार घेत होते, तेव्हा १९८६ मध्ये त्यांना दूर करावंच लागलं. अशा माणसांसाठी हा मार्ग उघडा असायलाच हवा. आपल्याकडे न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरचे अनेक आरोप सिद्ध झाल्याचं सांगितलं, तरी १९९३ मध्ये सत्ताधारी पक्ष लोकसभेत तटस्थ राहिला आणि ठराव पडला. हात आवरण्याचीही चूक होऊ शकते.

निकालांवरचा राग मात्र संपला नाही. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालानंतर काही वर्षांनी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्यावर महाभियोग आणा, असे फलक रस्तोरस्ती उभे राहिले. १९७० मध्ये न्या. विल्यम डग्लस यांच्याविरुद्ध बोलताना जेराल्ड फोर्ड म्हणाले की, प्रतिनिधीगृहाचं बहुमत ज्याला गुन्हा म्हणेल तोच महाभियोगाचा गुन्हा. हे जाइल्स यांचंच म्हणणं, १६५ वर्षांनी पुन्हा. दोन्ही प्रयत्न पुढे गेले नाहीत. पण फोर्ड सपशेल चुकले असं मला म्हणवत नाही. १९९३ मध्ये, पदच्युत झालेले न्यायाधीश वॉल्टर निक्सन सेनेटच्या पद्धतीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा कोर्टाने सांगितलं की, हा खटला कसा चालवायचा ते सेनेटने ठरवायचं, आम्ही त्यात पडणार नाही. म्हणजे उद्या सेनेटने केवळ एका निकालासाठी एखाद्याला काढलं, तर त्याने दाद मागायची कुठे?

मार्च २०२५ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी व्हेनेझुएलाच्या स्थलांतरितांची हकालपट्टी थांबवण्याचा आदेश दिला आणि त्यांच्यावर महाभियोग आणा, अशी मागणी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी केली. त्याच दिवशी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी छोटंसं निवेदन काढलं. निकालाशी मतभेद असेल तर महाभियोग हा त्यावरचा योग्य उपाय नव्हे. दोन शतकांहून अधिक काळ हे प्रस्थापित आहे. अपिलाचा मार्ग त्यासाठीच आहे. घटनेच्या एखाद्या कलमाचा आधार त्यात नव्हता. देताही आला नसता. आधार होता दोन शतकांचा, आणि ती मोजायची १ मार्च १८०५ पासून. त्या दिवशी २३ मतं हवी होती, १९ पडली.