विसरणाऱ्याला 'ने' लागत नाही

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. 'फरगेट, फरगॉट, फरगॉटन' ही रूपं घोकताना अर्थ एकच कळला, विसरणे. तो शब्द जागा बदलली की वेगळा वागतो, हे पुढं कळलं. 'आय फरगॉट टु पे' म्हणजे पैसे द्यायचेच राहिले. 'आय विल नेव्हर फरगेट पेइंग' म्हणजे पैसे दिले, आणि दिल्याचं मरेपर्यंत ध्यानात राहणार. गावातली उसनवारीची निम्मी भांडणं या दोन वाक्यांतच बसतात. घेणारा पहिल्यात असतो, देणारा दुसऱ्यात.

मराठीचं निराळंच. 'रामाने पैसे घेतले' म्हणतो, पण 'राम पैसे विसरला'. 'ने' लागत नाही. 'शिकणे', 'बोलणे' हीही तशीच चालतात, तेव्हा यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी मला वाटतं, विसरणं हे कुणी केलेलं काम नव्हेच, ते आपलं होतं, असं बोलणाऱ्याच्या मनात असतंच. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही हातातून निसटणंच आहे.

मग विसरल्याबद्दल दोष कुणाला द्यायचा?

2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क आला. त्यानंतर आमच्याकडं हक्कसोड पत्रांना ऊत आला. आत्यानंही सही केली. थोरल्या चुलत्यांनी कबूल केलं होतं, दरसाल दोन पोती ज्वारी आणि दिवाळीला लुगडं पोच करीन. दोन वर्षं आलं. तिसऱ्या वर्षापासून, "इसारलो गं बाई, कामाच्या घाईत." सोयरीकजमिनीचं पत्र मात्र त्यांच्या ट्रंकेत नीट घडी घालून होतं, ते कधी विसरलं नाही.

आत्या कुरकुरली की चार माणसं तिलाच समजावत, "झालं गेलं इसरून जा. भाऊच हाय तुजा."

बघा कसं आहे. चुलत्यांचं विसरणं आपोआप झालेलं, त्यांना कोण काय बोलणार? आणि आत्यानं मात्र ते ठरवून करायचं, खुरपणीसारखं. आत्या म्हणायची, "मी काय बांधून ठिवलंय व्हय त्येला? पेरणी आली की येतंय आपलं आपण."

ठरवून विसरणं थोरामोठ्यांनाही जमलेलं नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1802 साली लाम्पे नावाच्या आपल्या जुन्या नोकराला काढलं आणि ते नाव आता पार विसरायचं, असं वहीत टिपून ठेवलं. वही उघडली की नाव समोर!

इंग्रजीत 'फरगिव्ह' आणि 'फरगेट' जोडीनं बोलतात, जणू एकाच दावणीची बैलं. मला ती जोडी पटत नाही. माफ करणं हे करायचं काम आहे. तिथं मराठीत 'ने' लागतो, 'आत्याने माफ केलं' असं म्हणता येतं. आणि ते सगळं लख्ख आठवत असतानाच करता येतं, विसरल्यावर माफ करायला उरतंच काय? फक्त त्यासाठी समोरच्यानं दारात यावं लागतं.

आत्याचं गाव आमच्यापासून अकरा कोस. एसटी थेट जाते. चुलते अजून गेलेले नाहीत.